शिमग्यापर्यंतची राखण
भिजलेल्या कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला सासुरवाडीचे तळे आठवते. सत्तरच्या दशकात मी भिवंडीत लूमवर कामाला होतो आणि टेमघरला सासऱ्यांच्या शेजारीच राहत होतो. त्या भाद्रपदात तळ्यात रोहूची बोटभर पिल्ले इतकी झाली होती, की काठचे पाणी सतत थरथरताना दिसे. शिमग्यापर्यंत कोणी जाळे टाकायचे नाही, असे गावाने ठरवले होते आणि राखण सासऱ्यांकडे होती. मी जाळे टाकले नाही. शिफ्ट सुटल्यावर कारखान्यातला विरळ कापडाचा तुकडा आणला, कापडाला कोणी जाळे म्हणत नाही अशी मनाची समजूत घातली आणि उथळ पाण्यातून एकदाच ओढून घमेले भरले. मागे वळलो तर सासरे उभे. "जावयबापू, यांच्यात खायला हाय काय? शिमग्याला वीतभर व्हतील. आख्ख्या गावाचा घास हाय, सोडा परत." मी घमेले पाण्यात तिरपे केले, पिल्ले सळसळत निघून गेली. त्यानंतर रोज शिफ्ट सुटली की मी काठावर येऊन बसू लागलो. शिमग्याला जाळे ओढायला सहा जण लागले. वाटे घालताना सासऱ्यांनी सर्वांत मोठा मासा माझ्या वाट्यावर ठेवला. "आमच्या जावयानं राखण केली बरं का!" सारे हसले, कोणी पाठ थोपटली. ती राखण कोणापासून होती, हे त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितले नाही. पन्नास वर्षे उलटल्यावर आज मीच ते लिहितो आहे. आणि तो मासा फार गोड लागला होता, हेही.