ओजिमा की ग्योतोकु

सुनेत्राला घर बघायला मदत करायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे खरं तर मीच ते ओढून घेतलं. तोक्योतल्या आमच्या ओजिमात तेव्हा दर महिन्याला एखादं तरी नवं मराठी बिऱ्हाड उतरत होतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्या पोरापोरींना भराभर तोक्योला पाठवत होत्या, आणि आल्या आल्या त्यांना गॅस कुठून सुरू करायचा, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा, हे सांगायला कुणीतरी लागायचं. ते कुणीतरी म्हणजे मी, ज्योत्स्ना. माझा नवरा मला बिनपगारी वॉर्ड ऑफिस म्हणायचा. म्हणेना का.

सुनेत्राने पहिल्याच फोनवर सगळं सांगून टाकलं. घटस्फोट झालाय, आठ वर्षांची मुलगी बरोबर आहे, दोन महिने कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये काढले, आता महिनाअखेर ते सोडायचंय. ऑफिसातून घरी यायला साडेसात होतात. शाळा सुटल्यावर ईश्वरी कुणाच्या भरवशावर राहील, एवढाच माझा प्रश्न आहे, बाकी घर कसंही चालेल, असं ती म्हणाली. मला तिचा हा सडेतोडपणा फार आवडला. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, हिला ओजिमातच आणायची. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक घर रिकामं होतं आणि मी दिवसभर घरीच असायचे. प्रश्न मिटलाच होता.

पण बाईसाहेबांना दुसरं घरही बघायचं होतं. ते ग्योतोकुला, नदीपलीकडे. तिथून तिच्या ऑफिसला थेट गाडी होती आणि शाळेतच सहा वाजेपर्यंत मुलांना सांभाळायची सोय होती. तिथे हिंदी बोलणारंसुद्धा कुणी चटकन सापडायचं नाही, हे मी तिला चार वेळा सांगितलं. ती म्हणाली, बघायला काय जातंय?

ती कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खोट शोधायची, हे तिचं काम. त्याआधी पुण्यात एका बँकेत डेटा एंट्री करायची. लग्न मोडल्यावर रात्रीचा क्लास लावून टेस्टिंग शिकली, मग जपानीच्या परीक्षा दिल्या, आणि ऑफिसातल्या दोन सीनियर पुरुषांना मागे टाकून इथे आली. हे सगळं तिने मला भाजी आणल्याच्या सुरात सांगितलं. स्वतःचं कौतुक करायची तिला सवयच नव्हती.

आणि कुतूहल तरी किती! शनिवारी ओजिमाचं घर बघताना तिने एकूण एक नळ सोडून पाहिला, भिंतीला कान लावला, गॅलरीत उभं राहून वारा कुठून येतो ते बघितलं. शेजारणीने कांदा तळला तर वास आपल्याकडे येईल का, भूकंपात लिफ्ट बंद पडली तर मुलगी अकरा मजले कशी उतरेल, असं काय काय ती विचारत होती. एजंट इशिदा-सान बिचारे घाम पुसत उत्तरं देत होते. ईश्वरी तिच्या मागेमागे फिरून कपाटं उघडून बघत होती. आईची पुरती लेक.

सुनेत्राने येताना रव्याच्या लाडवांचे डबे आणले होते. घर बघायचं म्हणजे आधी शेजार बघायचा, आणि रिकाम्या हाताने कुणाचं दार कसं वाजवायचं, असं तिचं म्हणणं. रिकाम्या घराच्या शेजारी आमची यामिनी राहायची, मुंबईची, नवरा बँकेत. तिने लगेच आत बोलावलं, चहा टाकला, पोहे केले. आणखी दोघी-तिघी आल्या. गप्पा अशा रंगल्या की मी मनातल्या मनात सामानसुद्धा लावून टाकलं.

तेवढ्यात यामिनीने ईश्वरीला जवळ घेतलं आणि विचारलं, "बाबा कधी येणार गं तुझे?"

तिच्या मनात काही नव्हतं. घरातलं मागे राहिलेलं माणूस कधी येणार, हे आमच्याकडे प्रत्येक पोराला विचारतातच, फक्त बहुतेकांच्या घरी उलटं असतं, बाबा आधी येतात आणि आई मागून. सुनेत्रा काही बोलणार, त्याच्या आत ईश्वरी म्हणाली, "बाबा बोटीवर असतात. सहा सहा महिने येत नाहीत."

बोट कसली, तर माल नेणारी. आता कुठे आहे, तर सिंगापूरला. पोरगी अडखळली नाही, लाजली नाही. डिशमधलं खोबरं वेचत सांगत होती. बाकीच्या बायका कौतुकाने ऐकत होत्या. मी सुनेत्राकडे बघितलं. तिच्या हातातला कप तसाच राहिला होता. तिने लेकीला सगळ्यांसमोर खोटं पाडलं नाही, पण कप खाली ठेवून ती लगेच निघायला उठली.

खाली स्टेशनकडे जाताना ईश्वरी पुढे उड्या मारत चालली होती. सुनेत्रा हळूच म्हणाली, हे ती कधी शिकली मला माहीत नाही. घरी तिला सगळं खरं सांगितलंय. मी म्हटलं, पोरं बोलतात काहीबाही, मनावर घेऊ नकोस, मी यामिनीला एकटीला गाठून नीट सांगीन. सुनेत्राने मान हलवली, पण ती ऐकत नव्हती.

रविवारी ग्योतोकुला गेलो. रस्ते सपाट, जिकडेतिकडे सायकली. घर म्हणजे दुमजली लाकडी इमारतीतल्या खालच्या दोन खोल्या. दारापर्यंत कुंड्याच कुंड्या, पण त्या शेजारच्या मोरिता-आजींच्या. घर बरेच दिवस रिकामं, म्हणून त्यांची बाग इकडे सरकलेली. मला बरंच वाटलं, म्हटलं सुनेत्राला इथे खोट सापडली. तिने पुन्हा नळ सोडले, भिंतीला कान लावला. मग मी आणि इशिदा-सान मीटर बघत असताना तिने शेजारचं दार वाजवून आजींच्या हातात लाडवांचा डबा ठेवला.

इशिदा-सान धावलेच. जपानात नवा बिऱ्हाडकरू राहायला आला की शेजाऱ्यांना अशी भेट देतो. भेट दिली म्हणजे तुम्ही राहायला आलात, विषय संपला. आजींनी दोन्ही हातांनी डबा घेतला, पुन्हा पुन्हा वाकल्या, आणि चपला सरकवून थेट कुंड्या उचलायला लागल्या. इशिदा-सान सांगताहेत, अजून नक्की नाही. मी माझ्या मोडक्या जपानीत सांगतेय, फक्त बघायला आलोय. आजी हसून हो हो म्हणताहेत आणि कुंड्या हलवताहेत. सुनेत्रा लाजेने लाल झाली आणि शेवटी तीही कुंड्या उचलू लागली.

दार मोकळं झाल्यावर आजी ईश्वरीसमोर वाकल्या. घरात कितीजण, असं त्यांनी विचारलं, आणि कळावं म्हणून अंगठा उभा करून दाखवला. इथे अंगठा म्हणजे घरातला पुरुष. बाबा आहेत ना, असं त्या विचारत होत्या. म्हणजे चौकशी काही आम्हीच करतो असं नाही.

ईश्वरीने अंगठ्याकडे बघितलं. दोन महिन्यांत शाळेत शिकलेले शब्द तिच्याजवळ किती असणार? बोट, सिंगापूर, सहा महिने, यातलं काही तिला म्हणता येणार नव्हतं. तिने आईकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, आणि म्हणाली, "फुतारी." दोघी.

आजींनी अंगठा मिटला. "फुतारी," त्या म्हणाल्या, आणि हलवलेल्या कुंड्यांतली एक छोटी उचलून ईश्वरीच्या हातात दिली.

परत जाताना प्लॅटफॉर्मवर मी माझा वकिली सूर लावला. संध्याकाळी सहा ते साडेसात हिला कोण बघणार? ताप आला तर? त्या आजींशी ही बोलणार काय? ओजिमात आपली दहा घरं आहेत, पोरगी कुठेही जेवेल. सुनेत्रा सगळं ऐकत होती आणि तिला पटतही होतं, हे मला दिसत होतं. ती म्हणालीसुद्धा, ज्योत्स्ना, तू म्हणतेस ते बरोबर आहे.

मग ती ईश्वरीजवळ उकिडवी बसली आणि कुठे राहायचं ते तिने तिलाच विचारलं.

"इथे राहू," ईश्वरी म्हणाली. "या आजींना दोघीच आहोत ते सांगून झालंय."

"तिथल्या काकूंनाही सांगू की आपण," सुनेत्रा म्हणाली. "मी सांगेन. तुला काही बोलावं लागणार नाही."

ईश्वरीने जोरजोरात मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. "नको ना आई. मग त्यांना कळेल मी खोटं बोलले."

सुनेत्राने तिला पोटाशी धरलं. गाडी आली आणि गेली, आम्ही तिथेच. माझ्याजवळ ओजिमासाठी आणखी बरंच बोलण्यासारखं होतं, पण ते मी सोडून दिलं. मी सुनेत्राला म्हटलं, इशिदा-सानना फोन लाव, हे घर नक्की म्हणून सांग. पहिले काही महिने संध्याकाळी मी येत जाईन इकडे. पुढचं पुढे बघू.