आबांच्या गिटारच्या चाव्या

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की रहिमतपूरची ती दुपार आठवते. फौजेतून परतल्यावर आबांचा हात थरथरू लागला होता. गिटार सुरात लावताना चावी जास्त फिरायची, तार तुटायची आणि ते चिडून उठायचे. म्हणून मी नव्या चाव्या आणून, मशीनचं तेल घालून बसवल्या. आबांनी एक फिरवली आणि वैतागले, "आगं, सूर जागचा हलंना!" "आबा, तार गुंडाळायची खुंटी एकदा फिरायला जुन्या चावीचे चौदा फेरे लागायचे, हिचे अठरा लागत्यात. हात हलला तरी सूर जरासाच सरकंल." ते घाईनं फिरवत राहिले, तार तुटेल या भीतीनं मला एका जागी बसवेना. शेवटी तार सुरात लागली. "आता दुसरी लावा," मी म्हणाले. "थांब गं, ही ऐकू दे." ते ती एकच तार छेडत राहिले. पुढं त्यांनी काय वाजवलं ते मी विसरले. ती तार अजून ऐकू येते.