जंजिऱ्याच्या बुरुजावर

नवरा मला मारायचा. दार लावून, टीव्हीचा आवाज वाढवून. तो नाशिकजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होता आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या मखमलाबादला मळ्यात, थोरल्या दिरांकडे असायच्या. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, असा माझा समज होता.

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, ट्रॅक्स गाडी ठरवून आम्ही दोघं, आत्या आणि थोरले दीर-जाऊबाई असे पाच जण कोकण बघायला निघालो. आत्यांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. काशीदच्या सुरूच्या बनात त्या चप्पल हातात घेऊन लहान मुलीसारख्या चालल्या.

दुसऱ्या दिवशी शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला गेलो. अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. पायऱ्यांशी होडी लाटेवर आपटत होती, म्हणून नावाड्याने एकेकाला हात देऊन उतरवलं. आत्यांना, जाऊबाईंना, मग मला.

नवरा ते बघत होता. वर बुरुजावर गाइड तोफेची माहिती सांगत होता, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव कसे, ते सांगत होता. मी काहीतरी विचारलं आणि कानाखाली बसली. मी तोफेवर आदळले. ओठ फुटला. "नावाड्याचा हात बरा सोडवत नव्हता," म्हणत त्याने माझे केस धरून मला तटाकडे ओढलं. खाली खडकांवर पाणी फुटत होतं. दीर मान वळवून उभे राहिले. गाइड दोन पावलं मागे सरकला.

आत्यांच्या हातात पाण्याने भरलेला, फिरकीच्या झाकणाचा जड तांब्या होता. भाजीच्या पाट्या उचलून घट्ट झालेला तो हात. त्यांनी तांब्या मुलाच्या कपाळावर हाणला. तो गुडघ्यावर आला तसा पुन्हा खांद्यावर हाणला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्त उतरलं.

"तुझा बाप मला मारायचा तवा तू लहान व्हता, रडायचा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आता तूच मारतो. मला समदं ठाव हाय."

मुरुडच्या दवाखान्यात त्याला तीन टाके पडले. दीर म्हणाले, घरी जाऊ. आत्या नाय म्हणाल्या. आलोय तर बघूनच जायचं. हरिहरेश्वरला लाटांनी जाळी पाडलेल्या खडकांवरून आम्ही तिघी बायका प्रदक्षिणेला चाललो. उडणाऱ्या पाण्याने माझा ओठ झोंबत होता. तो डोक्याला पट्टी बांधून गाडीत बसून होता. मला त्याची दया आली, आणि त्या दयेचाच राग आला.

नाशिकला परतल्यावर आत्या वळकटी घेऊन आमच्या क्वार्टरवर राहायला आल्या, त्या शेवटपर्यंत. आठ वर्षं. तेवढ्या काळात त्याने ताटं भिरकावली, शिव्या दिल्या, एकदा आरशावर मूठ मारून स्वतःचीच बोटं फोडून घेतली. माझ्यावर हात उचलला नाही.

त्या गेल्यावर महिन्याभरातच त्याने माझा गळा धरला. मी हाताला कडकडून चावले, सुटले आणि अंगावरच्या साडीनिशी मनमाडला भावाकडे गेले. तो दोनदा न्यायला आला. दुसऱ्या वेळी मी दारात उभी राहून, येणार नाही, एवढंच सांगितलं. पुढे शिलाईचं काम धरलं. आता मनमाडलाच असते.