मालूताईंचा तिसरा गठ्ठा

मालूताई गेल्याचं शिपायानं स्टाफरूमच्या दारातून सांगितलं, तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. दुःख नंतर झालं. आधी मनात आलं ते हे, की आता त्यांना सांगायचं कायमचं राहिलं... त्याला महिना होऊन गेला. सहा वर्षं जे बोललो नाही ते आज लिहितो.

त्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या, मी भूगोल. ऐंशीच्या सुमारास त्यांनी पीएच.डी.ला विषय घेतला: माणूस डावरा की उजवा, हे मोजायचं कसं. अख्खी स्टाफरूम हसली. यात मोजायचं काय, बघितलं की कळतं, असं सगळे म्हणाले. ताई म्हणायच्या, बघितलं तर कळतं, विचारलं तर नाही. परदेशी प्रश्नावलीत काडी ओढणं, कात्री धरणं असली कामं होती. ताईंनी त्यात आपली घातली: नारळ खवणं, कोयतीनं सरपणाची फाटी तोडणं, दगड मारून कैरी पाडणं. जेवणं तेवढं काढून टाकलं. आपल्याकडे डाव्या हातानं जेवू कोण देतं? दहा कामं, प्रत्येकापुढे दोन रकाने, आणि शेवटी तीन गठ्ठे: उजवे, डावे, मिश्र. ताईंचा जीव त्या तिसऱ्या गठ्ठ्यावर. ही माणसं गोंधळलेली नाहीत हो, त्यांनी हातांना कामं वाटून दिलीत, असं सांगताना त्यांचे स्वतःचे दोन्ही हात हवेत नाचायचे.

पालीकडच्या वाड्यांचे फॉर्म भरायचं मी अंगावर घेतलं. ताईंनी बजावलं होतं, करून घ्या, विचारू नका. मी ओटीवर बसून, घरातल्या मोठ्यांसमोर, नुसतं विचारत गेलो. जो तो म्हणाला, उजवा. ते खोटं आहे हे मला कळत होतं, कारण ते माझंच खोटं होतं. शाळेत डाव्या हातावर छड्या खाऊन मी उजव्यानं लिहायला शिकलो आणि बाकीची कामं लोकांची नजर चुकवून करत राहिलो. ताईंनी मलाही एक फॉर्म दिला होता. दहाच्या दहा खुणा उजवीकडे करून मी तो परत केला.

माझ्या वाड्यांतून मिश्र एकही निघाला नाही. ताईंनी मार्गदर्शकांची बोलणी खाल्ली, प्रबंध वर्षभर लांबला. माझीच पद्धत चुकली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं... आणि मी ते ऐकून घेतलं.

मग त्या पुन्हा पालीला निघाल्या, मलाच बरोबर घेऊन. बाजाराचा दिवस. ताईंनी चिऱ्यावर करवंटी ठेवली आणि म्हणाल्या, उडवा. हा हा म्हणता गर्दी. "उजवाच नाय तं काय" असं मला ठणकावून सांगणाऱ्या म्हातारीनं डाव्या हातानं पहिल्याच दगडात करवंटी उडवली, आणि सुनेकडे बघून तोंडाला पदर लावला. पलीकडचा न्हावी एक गाल उजव्यानं आणि दुसरा डाव्यानं करत होता. तुझा हात कुठला, असं ताईंनी विचारलं तर गिऱ्हाइकाकडे वस्तरा दाखवून म्हणाला, "मला काय इचारता, ह्येच्या गालाला इचारा." ताई इतक्या हसल्या की हातातले फॉर्म बाजारभर उडाले आणि गाव ते गोळा करत फिरलं. परतीच्या एसटीत मी सांगायला तोंड उघडलं. त्या मांडीवरचा गठ्ठा चाचपत म्हणाल्या, "वसंतराव, तिसरा काय जाड झालाय बघा." मी तोंड मिटलं.

परवा त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या यजमानांना, नानांना, सगळं सांगून टाकलं. ते उठले. मग कपाटातून त्यांनी माझा फॉर्म काढला. वर ताईंचं अक्षर: 'मोजणीत धरू नये. स्वतः येऊन दुरुस्त करतील.'

"फार वेळ लावलात," नाना म्हणाले. "ती म्हणायची, हे गृहस्थ कप डाव्यानं उचलतात आणि मग कोणी बघितलं का ते बघतात."

मी पेन्सिल घेतली. लिहिणं, उजवा: ते आता खरंच होतं, तसंच ठेवलं. दगड मारणं, डावा. कोयती, डावा. नवव्या ओळीवर अडलो. सुईत दोरा ओवणं... कुठल्या हातानं, ते माझं मलाच सांगता येईना.

नाना आत जाऊन ताईंचा शिवणाचा डबा घेऊन आले. मी सुई एकदा या हातात धरली, एकदा त्या.

"हाताकडे काय बघताय?" नाना थेट ताईंच्या सुरात करवादले. "भोकाकडे बघा."

दोरा ओवला गेला. नानांनी फॉर्म स्वतःकडे ओढला आणि मला न दाखवता खूण केली.