माणिकप्पांचं गोदाम आणि रुमालाखालची बोटं

१७ जून २०२५, मंगळवार. सकाळी ढगाळ, दुपारी कडक ऊन. नळाला पाणी आलं नाही. शेजारच्या माणिकप्पांचा मुलगा दिग्विजय पुण्याहून आला, सोबत खोक्यात नवीन म्युझिक सर्व्हर. रविवारपर्यंत वाजवून बघायचा. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर दुकानदाराला परत. मला उद्या दुपारी साक्षीला बोलावलं आहे. कसली साक्ष, ते माणिकप्पा म्हणाले नाहीत.

एवढं लिहून डायरी ठेवली, पण कुतूहल काही जाईना.

आमचे हे माकणीच्या धरणावर इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर आम्ही उमरग्यात घर बांधलं, तेव्हा शेजारी माणिकप्पांचं घर आधीपासून होतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते सास्तूर सोडून इथं आले होते. हे गेले, मुली आपापल्या संसारात रमल्या, मी मात्र इथंच राहिले. संध्याकाळी भिंतीपलीकडून गाणं सुरू झालं की मी दिवा लावते. घड्याळ बघावं लागत नाही.

माणिकप्पांनी उभं आयुष्य बैलबाजारात दलाली केली. या धंद्यात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायला हात आणि बैल पारखायला डोळे लागतात, हे मला ठाऊक होतं. कान लागतो, हे मी त्यांच्याकडून शिकले. बैल चालत येताना ते त्याच्याकडे बघायचेच नाहीत म्हणे. पाठ करून उभं राहायचं आणि गळ्यातली घंटा ऐकायची. घंटेचा ताल एका बाजूला कलला की बैल कुठल्यातरी पायावर अंग चोरतो आहे, असं समजायचं. मग वळून तो पाय बघायचा.

गाण्याचा नादही बाजारातच लागला. बाजाराच्या तोंडाशी एक हॉटेल होतं. तिथं तबकड्या वाजत. सौदा जमेपर्यंत चहा आणि चहाबरोबर गाणं. पुढं ते हॉटेल बंद पडलं, तेव्हा माणिकप्पांनी मालकाकडच्या सगळ्या तबकड्या उचलल्या. त्यांच्या बायको गौराबाई अजून सांगतात, "लोकं बाजारातनं बैल आणतेत. आमच्याकडं बैलगाडी भरून काळ्या ताटल्या आल्या."

तबकड्यांच्या मागून कॅसेटी आल्या. काही विकतच्या, काही त्यांनी स्वतः मठात बसून भरलेल्या, कानडी वचनांच्या. मोठे स्पीकर आले, ॲम्प्लिफायर आला. काही वर्षांपूर्वी दिग्विजयनं सुट्टी काढून सगळ्या तबकड्या आणि कॅसेटी संगणकावर उतरवल्या आणि एका पेटीत भरून दिल्या. पेटी लहान, जेवणाच्या डब्याएवढी. तिला तो म्युझिक सर्व्हर म्हणतो. माणिकप्पा तिला गोदाम म्हणतात. "गोदामातनं जरा मालकंस काढ," असं ते स्वतःलाच सांगतात आणि मोबाईलवर बोट फिरवून काढतातही.

या उन्हाळ्यात मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. गाणं सुरू व्हायचं आणि मध्येच बंद पडायचं. एकदा ते माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"काय करलाव वहिनी?"

"पेपर वाचते आहे. आज गाणं लवकर थांबलं."

"थांबलं न्हाय, थांबवलं. आवाज फाटतोय. पहिलं कसं, बाई म्होरं बसून गाती असं वाटायचं. आता बाई हापशाच्या पाइपात बसल्यागत वाटती." मग ते म्हणाले, "दिग्या म्हणतोय पेटी जुनी झाली, नवी घ्या. चांगल्या बैलजोडीच्या किमतीची हाय. त्याचं काय न्हाय. पण वहिनी, पेटी जुनी झाली का कान जुने झाले, हे कोण सांगणार?"

मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील."

"डॉक्टर सांगंल किती ऐकू येतंय. काय ऐकू येतंय ते न्हाय सांगणार." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ह्या कानावर घर चाललं. पेटी गेली तर दुसरी येती. आता ही नवी पेटी वाजवून बी आवाज तसाच आला, तर मग समजायचं."

टोपी झटकून डोक्यावर घातली आणि ते घरी गेले.

बुधवारी दुपारी मी गेले तेव्हा बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या स्पीकरसमोर मांडल्या होत्या. दोन्ही पेट्या आतल्या खोलीत, दारावर चादर. दिग्विजय चादरीमागे. कधी जुनी पेटी लावायची, कधी नवी, ते त्यानं ठरवायचं. बाहेरच्यांना कळता कामा नये. गाणं एकच, आवाजाची पातळी एकच.

"आणि मी काय करायचं?" मी विचारलं.

माणिकप्पांनी खांद्यावरचा पांढरा रुमाल काढून माझ्या हातावर पसरला. "तुमी दलाल. ऐकून झालं की आमी रुमालाखाली बोटं देणार. एक बोट जुनी, दोन बोटं नवी. तोंडानं कुणी कायबी बोलायचं न्हाय. बाजारात दर उघड बोलला की शेजारचा मान डोलवतो, आन् खरं कुणीच सांगत न्हाय."

दिग्विजय चादरीमागून म्हणाला, "आप्पा, परदेशात असंच करतात. कोणतं यंत्र आहे ते न सांगता ऐकवतात."

"करंनात का. त्येंच्याकडं रुमाल हाय का?"

मला हे सगळं फार आवडलं. फक्त रुमालाखाली परपुरुषाची बोटं धरायची म्हटल्यावर माझा हात जरा मागे राहिला. गौराबाईंच्या ते लगेच लक्षात आलं.

"धरा की वो वहिनी. म्हातारा काय चावत न्हाय. चावला असता तर मला कवाच चावला असता."

"तुला कोण चावणार," माणिकप्पा म्हणाले. "दात पडतील."

गाणं सुरू झालं. एक कडवं पहिल्या पेटीवर, तेच कडवं दुसऱ्यावर. पुन्हा उलटसुलट. मी डोळे मिटून ऐकत होते. खरं सांगायचं तर मला दोन्हींत फरक कळला नाही. गाणाऱ्या बाईंच्या आवाजामागं जुन्या टेपची बारीक सळसळ होती, ती दोन्ही वेळा तशीच. गौराबाईंनी आधी दोन बोटं दिली, मग एक, मग पुन्हा दोन. आणि वर माझा तळहात हलकेच खाजवून दाखवला, म्हणजे त्या अंदाजपंचे सांगत होत्या.

माणिकप्पांची पाळी आली. मी रुमालाखाली बोटं चाचपली, तर हाताला मूठ लागली. घट्ट मिटलेली. दुसऱ्या वेळी मूठ. तिसऱ्या वेळीही मूठ.

"मूठ म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"दोनी न्हाय," ते म्हणाले. "दोनी पेट्यांत बाई पाइपातच बसलीय." मग त्यांनी रुमाल माझ्या हातून घेतला आणि घडी घालायला लागले. "दिग्या, बंद कर. नवी पेटी बांधून ठेव. पेटीचा कायबी दोष न्हाय."

दिग्विजय चादर बाजूला सारून बाहेर आला. "आप्पा, असं एका बैठकीत ठरत नाही. मला नव्यात फरक ऐकू येतो."

"तुला येत आसंल बाबा. तुझे कान नवे हायती."

तेवढ्यात गौराबाई चहा टाकायला आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून ओरडल्या, "साखर घालू का न्हाय?" ती हाक बैठकीत आली ती दोनदा आली. एकदा दारातून आणि लगेच समोरच्या भिंतीवरून.

लहानपणी सोलापूरला कॉन्व्हेंटमध्ये आम्ही प्रार्थनेची गाणी म्हणायचो. शनिवारी सराव असे, तेव्हा चॅपल रिकामं. रविवारी माणसांनी भरलेलं. शनिवारी सिस्टर ॲग्नेस सारख्या सांगायच्या, हळू म्हणा, तुमचेच शब्द भिंतीवरून परत येऊन तुमच्या पुढच्या शब्दांवर बसतात. रविवारी तेच गाणं, त्याच मुली, आणि सगळं स्वच्छ ऐकू यायचं. मी एकदा विचारलं होतं की हे असं का होतं. त्या म्हणाल्या होत्या, माणसं आवाज पिऊन घेतात.

मी खोलीच्या मध्ये उभी राहून टाळी वाजवली. टाळीमागून एक पत्र्यासारखी झणझण आली.

"काय करलाव वहिनी?" माणिकप्पांनी वर बघितलं.

"या खोलीत आधी काय होतं, जे आता नाही?"

उत्तर गौराबाईंनी दारातूनच दिलं, आणि मोठ्या अभिमानानं दिलं. "सोयाबीन होतं! भाव येईल, भाव येईल म्हणून दोन साल ह्येंनी पोती धरून ठेवली. ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत, छतापर्यंत थप्पी. पाहुणं आलं तर पोत्यावर बसायचं. शेवटी पेरणीच्या खर्चाला म्हणून उन्हाळ्यात इकली. पोती गेली त्या दिवशी म्या फरशी घासून घेतली, जुने पडदे बी काढले. आता कशी उजेडाची खोली दिसती!"

खोली खरंच छान दिसत होती. भिंती मोकळ्या, फरशी आरशासारखी. आवाज पिऊन घेणारं काहीच उरलं नव्हतं.

"आवाज बिघडला तो कधीपासून?" मी माणिकप्पांना विचारलं.

"ह्या उन्हाळ्यापासनं," म्हणत ते उठले, खुंटीवरची पितळी घंटा काढली. त्यांनी स्वतःसाठी पाळलेल्या शेवटच्या बैलाची ती घंटा. भूकंपानंतर ढिगाऱ्यातून जे हाती लागलं त्यातली. "हिचा आवाज मला पाठ हाय," ते म्हणाले. बैठकीत उभं राहून त्यांनी घंटा हलवली. चेहरा वाकडा झाला. मग मागच्या अंधाऱ्या खोलीत गेले, जिथं घरच्या ज्वारीची पोती असतात. आम्ही तिघं दारात उभे राहिलो. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि घंटा हलवली. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

मग त्यांनी तळहातानं घंटा थांबवली.

"हीच," ते म्हणाले. "अगदी हीच." वळले तेव्हा डोळे पुसत होते. "गौरे, कान हायती गं!"

"कान हायती तर ऐका," गौराबाई म्हणाल्या. "पोती परत बैठकीत येणार न्हाईत. सांगून ठिवते."

त्यावर बराच वाद झाला. माणिकप्पांना ज्वारी आजच्या आज बैठकीत हलवायची होती. दिग्विजय मोबाईलवर भिंतीला लावायचे फोमचे तक्ते दाखवू लागला. गौराबाईंना ते तक्ते अंड्यांच्या ट्रेसारखे वाटले. शेवटी मी म्हटलं, आमच्याकडे पलंगाखाली जादा गाद्या पडून आहेत, पाहुण्यांसाठीच्या. मागच्या भिंतीला त्यांची चवड लावा, वर चांगली चादर घाला, बसायलाही होईल. हे गौराबाईंना पटलं. दिग्विजय आणि मी गाद्या आणि एक रजई आणली, त्यांच्या घरातल्याही दोन काढल्या, पडदे परत लावले.

माणिकप्पा खुर्चीत बसले. दिग्विजय आत गेला. पुन्हा तेच कडवं, पुन्हा उलटसुलट. मी रुमाल पसरला. या वेळी मूठ नव्हती. एक बोट होतं, आणि त्या बोटानं माझ्या तळहातावर टकटक केलं. पुढच्या वेळी आधी एक, मग जरा विचार करून दोन, मग हात झटकून पुन्हा एक.

"सांगता येईना," ते हसत म्हणाले. "बाई पाइपातनं भाईर आली, बास. आता कुठल्या गोदामातनं आली ते तिला विचारा."

दिग्विजय जरा हिरमुसला. नव्या पेटीत स्वर मोकळे वाटतात, असं त्याचं अजूनही म्हणणं आहे, आणि तो खोटं बोलत नसावा. त्यानं एक मुद्दा मात्र बरोबर मांडला. जुन्या पेटीतली डिस्क फिरून फिरून झिजली आहे; ती एक दिवस बसली तर मठातली वचनं कुठून आणणार? नवी पेटी घेऊ नका, पण सगळ्याची दुसरी प्रत करून ठेवू. माणिकप्पा लगेच कबूल झाले. गोदामाला मागचं दार पाहिजेच, म्हणाले.

निघताना गाणं चालू होतं, तेव्हा मी त्यांना विचारलं, "गाण्यामागं टेपची सळसळ आहे, ती ऐकू येते का तुम्हाला?"

"कसली सळसळ?"

"बारीक. पावडर चाळल्यासारखी."

त्यांनी कान देऊन ऐकलं. मान हलवली. "न्हाय येत." मग जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे थोडे गेलेत की वो वहिनी. पण गेले ते सळसळ ऐकायचेच गेले. जाऊ द्या."

संध्याकाळी भिंतीपलीकडून गाणं सुरू झालं आणि सलग चाललं. मी दिवा लावला आणि डायरीत लिहिलं:

१८ जून, बुधवार. आपल्या तीन गाद्या आणि निळी रजई माणिकप्पांकडे दिली. पलंगाखाली जागा झाली, तिथं गव्हाची कोठी सरकवली.