लीलाबाईंची नववी खोली

माझ्या सासूबाई लीलाबाई माणसं पारखण्यात पटाईत आहेत आणि पारखताना कुणाची भीड ठेवत नाहीत. जांबे गावात आमच्या भाड्याच्या आठ खोल्या आहेत. हिंजवडीच्या कंपन्यांत लागलेली पोरं, नवी जोडपी खोली बघायला आली की आत्या त्यांना ओट्यावर बसवतात. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. तर आत्या आधी पाणी देतात आणि मग सुरू करतात. गाव कुठलं, आई काय करते, कामाची पाळी रात्रीची का, नवराबायकोत भांडण झालं तर आधी कोण बोलतं. आधार कार्डाचा नंबर शेवटी लागतो. एकही भाडेकरू वाईट निघाला नाही असं त्या छातीठोक सांगतात. एक जण नळ उघडा टाकून चार दिवस गावाला गेला होता, पण तो त्यांना आठवत नाही.

या पारखण्याचा त्यांचा एकच नियम. त्या म्हणतात, "ज्याची उत्तरं पाठ हायेत, त्याला खोली न्हाई. जो अडखळतुया, त्यो खरं शोधतुया." फाडफाड बोलणाऱ्या किती जणांना त्यांनी पाणी पाजून परत पाठवलं, त्याची मोजदाद नाही.

आता आठच खोल्या का, असं गावात सगळे विचारतात. आठवीच्या मागं एक कोपरा रिकामा आहे, आणखी एक खोली आरामात बसेल एवढा. गावातला गवंडी दोनदा विचारायला आला, दोन्ही वेळा आत्यांनी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. "तितं न्हाई," एवढंच बोलतात. हट्टी बाई, दुसरं काय म्हणणार? मला मात्र तो कोपरा आवडतो. दुपारी तिथं सावली असते आणि एक सपाट दगड आहे. मी भाडेकरूंचे डबे करते, तर त्या दगडावर बसून रोजची भाजी निवडते.

मी हेमलता, माहेर भुकूमचं. तोंडाळ आहे असं आत्या सांगत फिरतात आणि ते काही खोटं नाही. माऊली माझा नवरा, कंपनीची बस चालवतो. नाव माऊली, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पोहरा ओढायचा. मी बोलते, तो ऐकतो, असं आमचं छान जमलंय.

सात वर्षांपूर्वी मला आठवा महिना होता. एका सकाळी रक्त जायला लागलं ते थांबेचना. डॉक्टरांनी मला वाचवलं, पण गर्भाची पिशवी काढावी लागली, आणि मुलगी राहिली नाही. मी शुद्धीवर आले तोवर सगळं उरकलेलं होतं. तिचं तोंडसुद्धा मला कुणी दाखवलं नाही. घरी आले तर दुपटी, टोपडी, सगळं घरातून नाहीसं झालेलं. आत्यांनी तो विषयच बंद करून टाकला. मला त्यांचा राग आला, फार राग आला. सात वर्षं मी तो गिळला, आणि माझ्यासारखीला राग गिळणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत.

गेल्या भाऊबीजेला माझी नणंद रेश्मा आली. ती उरवड्याला असते, तिचा नवरा विश्राम तिथल्या कारखान्यात आहे, दोन पोरं आहेत. माऊलीला ओवाळलं आणि पाकीट काही घेईना. म्हणाली, "दर वर्षी ओवाळणी मी घेते. यंदा मी देते. तुमचं बाळ मी पोटात वाढवते." विश्रामभाऊंशी तिचं आधीच बोलणं झालं होतं, कायदा काय म्हणतो तेही दोघांनी विचारून ठेवलं होतं. मी ताट तिथंच ठेवलं आणि मोरीत जाऊन रडले.

मग पुण्यातल्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मला वाटलं होतं, तपासायचं ते रेश्माला. छे! आई-बाप व्हायला निघालेल्यांचीही तेवढीच तपासणी. माझं रक्त, माझी सोनोग्राफी, थायरॉईड, हृदय. माऊलीचंही रक्त आणि बाकीचं सगळं. पहिल्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं होतं. आम्ही वेळेवर पोचलो. सिस्टरनं सुई हातात घेऊन विचारलं, काही खाल्लं नाही ना? माऊली म्हणाला, नाही, फक्त दही-साखर. चांगल्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय आत्या उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि आम्हा दोघांनाही ते खाणं वाटलंच नव्हतं. सिस्टरनं सुई ठेवली. दुसऱ्या दिवशी परत आलो, तेव्हा आत्यांनी दही-साखर डबीत घालून दिली, सुई टोचून झाल्यावर खा म्हणून.

माऊलीला आणखी एक डबी मिळाली, ती दवाखान्याची, आणि त्याला एका खोलीत पाठवलं. बाहेर आला तेव्हा कानापर्यंत लाल. रोज पन्नास माणसांची बस वळवणारा गडी, पण त्या दिवशी त्याला पार्किंगमधून आपली गाडी मागं घेता येईना. मी हसले, तर घरापर्यंत बोलला नाही. तसा तो एरवीही बोलत नाही म्हणा.

शरीराचे सगळे रिपोर्ट चांगले आले. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता समुपदेशक मॅडमना भेटायचं. त्यांचा अहवाल आल्याशिवाय फाइल पुढं जाणार नाही. आत्यांनी हे ऐकलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला. रक्तात खोट निघाली तर औषध असतं. मनात निघाली तर काय करायचं? आमची तयारी करून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. आठवडाभर रोज जेवण झालं की मला, माऊलीला आणि फोनवर रेश्माला त्या प्रश्न विचारायच्या आणि उत्तरंही स्वतःच द्यायच्या. घरात भांडणं होतात का? न्हाई. भीती वाटते का? अजिबात न्हाई. आणि मुलीचं विचारलं तर सगळ्यांनी एकच बोलायचं, झालं ते झालं, आमी आता पुढं बघतोय. मी एकदा म्हटलं, आत्या, तुमच्या नियमाचं काय? त्या म्हणाल्या, नियम खोलीला, हे बाळाचं हाय. आणि खरं सांगते, मीही मुकाट्यानं पाठ केलं. बाळ हवं होतं मला.

वैशाली मॅडम निघाल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. आम्हाला एकेकाला आत बोलावलं. आधी रेश्मा, मग मी, मग माऊली. शेवटी तिघांना एकत्र बसवलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तिघांनीही मला एकच वाक्य सांगितलं, शब्दाला शब्द. हे वाक्य चांगलं आहे, पण ते तुमचं नाही." रागावल्या नाहीत. मी नकार देत नाही, पण होही लिहिता येणार नाही, तीन आठवड्यांनी या, आणि बाळ ज्या घरात येणार त्या घरातल्या सासूबाईंनाही आणा, असं सांगितलं.

आत्या गाडीतच बसून होत्या. मी आत बसले आणि सात वर्षांचा सगळा राग तिथं पार्किंगमध्ये ओतला. म्हटलं, तुमच्याच नियमानं आज आपल्याला खोली मिळाली नाही. तुम्ही माझ्या पोरीचं तोंड मला बघू दिलं नाहीत, तिचं नाव काढू दिलं नाहीत, आणि आता दुसरंही तुमच्यामुळंच जाईल. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून माऊलीनं काच वर घेतली.

त्या आठवड्यात एक जोडपं खोली बघायला आलं. आत्यांनी किल्ली देऊन टाकली, गावसुद्धा विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

तीन आठवड्यांनी आम्ही परत गेलो. आत्यांनी ठेवणीतलं नऊवारी नेसलं होतं आणि तयारी कुणाचीच घेतली नव्हती. मॅडमनी मला, माऊलीला आणि आत्यांना समोर बसवलं, इकडचं तिकडचं विचारलं. मग आत्यांना म्हणाल्या, लीलाबाई, माऊली आणि हेमलताचं हे पहिलंच बाळ असेल, नाही का? मला वाटलं, आता व्हय म्हणतील आणि मोकळ्या होतील. त्यांनी तोंड उघडलं आणि थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. या बाईला अडखळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "दुसरं."

आत्या बोलत राहिल्या, तुटक तुटक. सिस्टरनं पोर त्यांच्याच हातात दिली होती. "नाक हिच्यावानी व्हतं, केस लई व्हते," त्या म्हणाल्या. "हिचं रक्त लई गेलं व्हतं. वाटलं, पोरीला बघितलं तर ही बी जाईल. म्हणून न्हाई दाखवली. मग सांगायला मला तोंडच ऱ्हायलं न्हाई."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. सात वर्षं मला वाटत होतं, या बाईनं माझी पोर पुसून टाकली. आणि तिचं नाक कसं होतं हे त्यांनी एकटीनं मनात जपून ठेवलं होतं. मग माझाही बांध फुटला. मी मॅडमना सगळं सांगितलं. मला भीती वाटते. नवं बाळ आलं की सगळे म्हणतील, झालं, भरून निघालं. आणि जिचं तोंड मी पाहिलं नाही तिला आठवायलाही कुणी उरणार नाही. रेश्माच्या पोटात बाळ हललं की मला तिचा हेवा वाटेल, अशीही भीती वाटते. हे मी कधी स्वतःशीही बोलले नव्हते.

मॅडमनी माऊलीकडं पाहिलं.

"खड्डा मी खणला," तो म्हणाला. "हिला कधी सांगितलं नाही."

मी विचारलं, कुठं? आत्या हळूच म्हणाल्या, "आठवीच्या मागं."

मॅडमनी त्या दिवशी अहवाल लिहिला. माझ्यासाठी आणि माऊलीसाठी आणखी दोन भेटी सांगितल्या, रेश्माचं बाळंतपण होईपर्यंत मधूनमधून येत राहा म्हणाल्या. कागद पुढं गेले, कोर्टाचा हुकूम झाला, आणि आता रेश्माला सहावा महिना लागला आहे. तिला डोहाळे लागलेत आंबट वरणाचे, ते मी उरवड्याला नेऊन देते. बाळ हलतं तेव्हा ती माझा हात धरून पोटावर ठेवते. हेवा वाटतो थोडा, पण तो मी तिला सांगून टाकते आणि ती हसते. माऊलीसुद्धा हल्ली जेवताना दोन-चार वाक्यं जास्त बोलतो. आत्यांची ओट्यावरची तपासणी पुन्हा जोरात सुरू आहे. गेल्या आठवड्यात एका फाडफाड बोलणाऱ्या इंजिनिअरला त्यांनी पाणी पाजून परत पाठवलं.

पण मॅडमकडून परत आलो त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी घरात न जाता सरळ आठवीच्या मागं गेले. गवत होतं, सावली होती आणि तो सपाट दगड. रोज ज्याच्यावर बसून मी मेथी निवडली, शेंगा सोलल्या, भाडेकरूंना शिव्या घातल्या, तोच. मागून आत्या आल्या. मी म्हटलं, आत्या, मी तिच्यावर बसत होते, तुम्ही मला उठवलं का नाही?

"कशाला उठवू?" त्या म्हणाल्या. "तू हितं भाजी निवडायला बसलीस की मी मागल्या खिडकीतनं बघायचे. म्हणायचे, हाय पोर आईजवळ."

सकाळच्या डब्यांसाठी घेवडा निवडायचा होता. मी आत जाऊन टोपली आणली आणि दगडावर बसले. आत्या शेजारी टेकल्या आणि त्यांनीही मूठभर शेंगा घेतल्या.