वाघिणीला सोबत कशाला?

माझ्या हातून आजवर पन्नासेक तरी वाघ तयार झाले असतील. विश्रामबागेतल्या शाळेत मी मराठी शिकवायचो, आणि निवृत्त झाल्यापासून लोक मला मानपत्रं लिहायला बोलावतात. ढाण्या वाघ, सिंहाची छाती, पोलादी मनगट, सह्याद्रीचा कडा. एवढ्या मालावर अख्ख्या तालुक्याचं भागतं. माणूस बदलला की फक्त नाव बदलायचं. असल्याच एका ढाण्या वाघाला मी एकदा दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं. सुई दिसताच पठ्ठ्यानं माझा हात असा धरला की सोडवायला नर्स लागली. पुढच्या वाढदिवसाला फ्लेक्सवर पुन्हा वाघच! त्याला लाज नाही, आणि मला तर त्याहून नाही.

पण सांगायचंय ते माझ्या थोरल्या बहिणीचं. अक्का पाटणच्या बाजूला एका लहानशा गावात एकटी राहते. दाजी वारले, मुलगा मिलिटरीत. एक म्हैस आणि दोन शेळ्या एवढाच तिचा संसार. गेल्या वर्षी भर दुपारी ती उसाच्या कडेला शेळी चारत होती, तेव्हा बिबट्या आला आणि त्यानं शेळीची मान धरली. अक्का नुसती बोंबलत राहिली, शेळी काही तिनं सोडली नाही, आणि शेवटी बिबट्याच उसात पसार झाला. एका शूर गड्यानं पत्र्याच्या शेडवर चढून याचा व्हिडिओ काढला. खाली उतरून निदान एखादा दगड मारावा, हे काही त्याला सुचलं नाही.

शेळी दुसऱ्या दिवशी मेली. अक्का मात्र गावभर वाघीण झाली. सत्कार ठरला आणि मानपत्र अर्थातच माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी मी तिला विचारलं, "अक्का, तू पळाली कशी नाहीस गं?"

"आरं, दावं मनगटाला गुंडाळलेलं हुतं. सुटंना. सुटलं असतं तर मी थांबले असते व्हय? लुगडं भिजलं माझं, मास्तर! ते बी लिव."

मी हसलो. आणि लिहिलं काय, तर 'पोलादी मनगटाची वाघीण'. दावं गाळलं. मानपत्रात दावं शोभत नाही म्हणे. कोण म्हणे? मीच!

सत्काराला झाडून सगळे पुरुष फेटे बांधून आले. बिबट्या दिसल्यापासून यातल्या एकानंही रानात एकट्यानं पाऊल टाकलं नव्हतं. अक्काला शाल दिली, नारळ दिला, माईक दिला. ती म्हणाली, "मला म्हशीला रोज वैरण आणाया जावं लागतंय. लय भ्या वाटतं. कुणीतरी आळीपाळीनं संगं येत जावा."

सगळे आपापले फेटे सारखे करायला लागले. मग गावच्या पुढाऱ्यानं माईक ओढला. "आवं अक्का, वाघिणीला सोबत कशाला?" झालं! हशा, टाळ्या, शिट्ट्या. मीही टाळी वाजवली. माझाच शब्द होता ना, फार बरं वाटलं मला.

दिवाळीनंतर पुन्हा तिच्याकडे गेलो. सकाळीच अंगणात पाचसहा बायका विळे घेऊन उभ्या होत्या. म्हटलं, चला, मिळाली सोबत. कसली डोंबलाची सोबत! गावानं आपापल्या बायका-सुना अक्काच्या भरवशावर रानात धाडल्या होत्या. वाघीण पुढं असल्यावर भीती कसली? म्हणजे उसात पहिलं पाऊल सत्तरीला टेकलेल्या माझ्या बहिणीनं टाकायचं, आणि त्यांच्या नवऱ्यांनी पारावर बसून मोबाईलवर तिचाच व्हिडिओ पाहुण्यांना दाखवायचा. थू तुमच्या मिशांवर!

अक्का उंबऱ्यात बसून चप्पल घालत होती. पाय इतका थरथरत होता की अंगठा चपलेत शिरेना. मी वाकून चप्पल धरली आणि हळूच म्हणालो, "अगं, सांगून टाक की यांना, मला भीती वाटते म्हणून."

"सांगिटलं हुतं की माईकवर," ती म्हणाली. "तू टाळी वाजिवलीस."

माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली, आणि विळा घेऊन सगळ्यांच्या पुढं झाली.